माळ्यावरचा कारखाना

‘कारखाना’ हा शब्द आज उच्चारला म्हणजे धुराडे, भोंगा, फाटकावरचा पहारेकरी आणि हजेरीचे कार्ड एवढ्या गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु मराठेशाहीच्या दप्तरात ज्या अठरा कारखान्यांची मोजदाद आढळते त्यांत अंबरखाना आहे, जामदारखाना आहे, मुदबखखाना आहे आणि नगारखानाही आहे, म्हणजे धान्याच्या कोठारापासून स्वयंपाकघरापर्यंतची राजाच्या संसारातली खाती आहेत, आणि त्यावरून एवढे तरी खास दिसते की कारखाना ही एके काळी घराच्या पोटातली वस्तू होती, गावाबाहेर हद्दपार झालेली नव्हती. शब्दाचा हा जुना अर्थ मला अलीकडे वारंवार आठवतो, कारण आमच्या घराच्या मागल्या सज्जात, जिथे पूर्वी तुळशीची कुंडी आणि वाळत घातलेले पंचे असत, तिथे गेल्या दोन वर्षांपासून एक सीएनसी राऊटर ठाण मांडून बसला आहे.

यंत्र लहानच आहे. त्याचा पाट ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद, आणि याच मापांवरून त्या जातीच्या यंत्रांना बाजारात ‘३०१८’ म्हणतात. एक मोटर कोरणीचे टोक उजवी-डावीकडे आणि दुसरी वर-खाली हलवते, तिसरी पाट पुढे-मागे सरकवते, व चौथी ते टोक गरगर फिरवते. हलवणाऱ्या मोटरी पंख्याप्रमाणे अखंड फिरत नाहीत. त्या पावलापावलाने चालतात, एका फेऱ्याला २०० पावले, आणि मोटरीला जोडलेला आटेदार दांडा एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवणारा असेल तर एका पावलाला टोक मिलिमीटरचा पंचविसावा हिस्सा सरकते. पाहुणे येतात, भुशाने माखलेले हे ध्यान पाहतात, आणि ‘हे आत्ता नवीनच निघालेलं दिसतंय’ असे म्हणून चहाकडे वळतात. त्यांना दर वेळी उत्तर देणे शक्य नसते, कारण उत्तर तीनशे वर्षांचे आहे आणि चहा तोवर थंड होतो. शिवाय त्या तीनशे वर्षांची निम्मी हकीकत कारागिरांची नसून हौशी लोकांची आहे, हे सांगितले तर पुष्कळांना ते माझ्याच हौसेचे समर्थन वाटते.

पहिले हौशी राजे होते. रशियाचा झार पीटर याला लाकूड आणि हस्तिदंत कातण्याचे विलक्षण वेड होते. राज्यकारभाराच्या दगदगीतून सवड काढून तो स्वतः चरकाशी उभा राहत असे, आणि आन्द्रेई नार्तोव्ह नावाचा त्याचा यंत्रकार त्याच्यासाठी अशी कातयंत्रे रचीत असे की ज्यांत एका बाजूला तयार नमुना फिरे, एक बोथट बोट त्याच्या उंचसखल भागावरून घसरत जाई, आणि त्या बोटाशी जखडलेले पाते दुसऱ्या बाजूच्या लाकडावर तीच उंचसखल रेघ उतरवीत जाई. यांपैकी काही यंत्रे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात अजून शाबूत आहेत. कातकामावरचा प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाचा मोठा ग्रंथ १७०१ मध्ये लियाँ शहरी छापला गेला, तो पीटरने आपल्यासाठी रशियन भाषेत उतरवून घेतला. पुढे हे वेड राजवाड्यांतून सरदारांच्या हवेल्यांत उतरले, व आल्सास प्रांतातून लंडनला येऊन स्थायिक झालेल्या होल्ट्झाप्फेल घराण्याने १७९५ पासून शंभर वर्षांहून अधिक काळ श्रीमंत हौशी मंडळींसाठीच नक्षीदार कातकामाची यंत्रे क्रमांक घालून बनवली आणि विकली. त्यांची एकूण संख्या अडीच हजारांच्या घरात जाते. त्या यंत्रांवर झालेल्या डब्या, दौती आणि बुद्धिबळाची प्यादी पाहिली म्हणजे कौशल्याचे कौतुक वाटते खरे, पण पुष्कळ नगांची खरी गरज कोणाला होती हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. माझ्या सज्जातून बाहेर पडलेल्या चहाच्या बशीठेवण्यांबद्दल घरात हाच प्रश्न विचारला जातो.

आपल्याकडे या हौसेला जागा नव्हती. सुतार हा बलुतेदारांच्या थोरल्या ओळीतला मानकरी. नांगर, कुळव, पाभर घडवावी, मोडली तर नीट करून द्यावी, आणि खळ्यावर आपला वाटा उचलावा, असा त्याचा गावाशी करार. त्याच्या हातातला वाकस हे वतनाचे साधन होते, आणि ज्याच्या हातात लेखणी त्याने वाकसाला हात लावावा हे जसे सुताराला रुचले नसते तसे लेखणीवाल्यालाही शोभले नसते. निवृत्त कारकुनाने फावल्या वेळी फळी रंधावी ही कल्पना आमच्या आजोबांना हास्यास्पद वाटली असती. झार पीटरला ती हास्यास्पद वाटली नाही याचे कारण तो थोर होता एवढेच नव्हे, त्याला खळ्यावरचा वाटा मागायचा नव्हता हेही आहे.

तथापि या सर्व हौशी मंडळींत माझ्या यंत्राचा खरा मूळपुरुष कोण असे कोणी विचारले, तर मी जेम्स वॉटचे नाव घेईन. बाष्पयंत्राने ज्याची कीर्ती जगभर गेली तो वॉट १८०० साली धंद्यातून निवृत्त झाला, आणि बर्मिंगहॅमजवळच्या हँड्सवर्थ येथील आपल्या हीथफील्ड नावाच्या घरात, छपराखालच्या माळ्यावर, त्याने एक कार्यशाळा थाटली. १८०२ मध्ये पॅरिसला गेला असता पदकांची नक्कल करणारे एक यंत्र त्याने पाहिले होते; त्यावरून त्याच्या मनाने घेतले की पदकच का, पुतळ्याची का नको, आणि मग आयुष्याची उरलेली वर्षे तो दोन यंत्रांमागे लागला. त्यांतले एक मूळ पुतळ्याएवढीच प्रतिकृती कोरणारे होते आणि दुसरे लहान आकारात कोरणारे. रचना नार्तोव्हच्या यंत्राहून एका बाबतीत मूलतः निराळी होती: लाकूड फिरवून स्थिर पात्यापुढे धरण्याऐवजी त्याने पातेच फिरते ठेवले, दातांच्या वैद्याच्या सुईसारखे, आणि एका जोडदांडीने ते अशा बोटाला बांधले की बोट मूळ मूर्तीच्या नाकावरून, गालावरून, ओठांच्या कडेवरून फिरे तसे पाते दगडात किंवा हस्तिदंतात तेच नाक, तोच गाल आणि तीच ओठांची कड कोरीत जाई. फिरते टोक, तीन दिशांची हालचाल आणि नमुन्याचे आज्ञापालन, एवढ्या तीन गोष्टींवर माझ्या सज्जातले यंत्रही उभे आहे. फरक एकच आहे, की माझ्याकडे मूळ मूर्ती नाही. तिच्या जागी आकड्यांची यादी आहे. पण ती गोष्ट पुढे येईल.

वॉटच्या माळ्याबद्दल त्याच्या चरित्रकाराने एक घरगुती तपशील नोंदवला आहे. त्याची दुसरी पत्नी स्वच्छतेच्या बाबतीत कडक शिस्तीची होती, वंगणाचे हात आणि चामड्याचा मळका एप्रन तिला दिवाणखान्यात खपत नसे. म्हणून या जगप्रसिद्ध यंत्रशास्त्रज्ञाने वर माळ्यावरच एक कढई आणि लहानशी भट्टी ठेवली होती, आणि कामाच्या भरात असला की तिथेच काहीतरी शिजवून खात असे. हे वाचले त्या दिवशी मला वॉट जवळचा वाटला. भुसा स्वयंपाकघरात येतो, ओल्या कपड्यांवर बसतो, शेजारच्यांच्या खिडकीत जातो आणि यंत्राचा आवाज दुपारच्या झोपेला बाधक ठरतो या सर्व तक्रारींची तोंडी सुनावणी आमच्या घरीही वेळोवेळी होत असते, आणि तिचा निकाल काय लागतो हे सांगण्याची गरज नाही.

आपल्या यंत्राचे पेटंट वॉटने घेतलेच नाही. मित्रांना तो त्यावर कोरलेले अर्धपुतळे भेट देई, आणि वयाच्या ऐंशीनंतर, एका होतकरू तरुण कलावंताची ही कृती आहे, असे गंभीर चेहऱ्याने सांगे. १८१९ च्या ऑगस्टात तो वारला तेव्हा यंत्र त्याच्या मते अपुरेच होते. घरच्यांनी माळ्याला कुलूप घातले. ते दालन जवळजवळ जसेच्या तसे शंभर वर्षे राहिले, आणि १९२४ मध्ये घर पाडण्याची वेळ आली तेव्हा लंडनच्या सायन्स म्युझियमने ते खिडकीसकट, फरशीसकट उचलून आणले. त्यातल्या वस्तूंची यादी आठ हजारांच्या वर जाते. चित्रांतून पाहिले तरी ते टेबल ओळखीचे वाटते: अर्धवट पुतळे, साचे, पेट्या, कसले तरी स्क्रू जे टाकवत नाहीत आणि लागतही नाहीत.

वॉटने ज्याचा व्यापार केला नाही त्याचा इतरांनी लवकरच केला. वॉट गेला त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस ब्लँचर्ड याने बंदुकीचा दस्ता कोरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत ते यंत्र एका लोखंडी नमुन्यावरून वेडावाकडा, कुठेही सरळ नसलेला दस्ता एकामागून एक उतरवू लागले. चांभारी फर्मे करायलाही तेच तत्त्व उपयोगी पडले. इंग्लंडात १८३४ च्या आगीत पार्लमेंटची इमारत जळाली, तिच्या पुनर्रचनेत लागणारे अपरंपार लाकडी कोरीवकाम माणसांच्या हातून वेळेत होणे अशक्य दिसू लागले, तेव्हा जॉर्डन नावाच्या गृहस्थाने १८४५ मध्ये पेटंट घेतलेल्या कोरणयंत्राकडे बरेचसे काम सोपवण्यात आले. एकाच नमुन्यावरून अनेक पाती एकदम चालत. यंत्राने ओबडधोबड भाग काढून टाकायचा आणि मग कारागिराने पटाशीने शेवटचा हात फिरवायचा अशी वाटणी होती. उमरावांच्या सभागृहातली नक्षी पाहून जे भारावून जातात त्यांना तिच्यातला मोठा हिस्सा एका यंत्रशाळेत झाला हे सहसा कोणी सांगत नाही.

सामान्य मध्यमवर्गीय घरात कोरीवकाम शिरले ते मात्र यंत्राच्या वाटेने नव्हे, कागदाच्या वाटेने. नॉरफोकमधल्या डेरहॅम या लहान गावातून १८९५ पासून ‘हॉबीज’ नावाचे एक साप्ताहिक निघू लागले आणि त्यासोबत जाळीकामाचा मोठा छापील नमुना फुकट मिळे. तो पातळ फळीवर चिकटवायचा आणि केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीने रेषेवरून कापत जायचे. घड्याळाची चौकट, पत्रे ठेवायची पेटी, भिंतीवरची फडताळी: हजारो इंग्रज मुलांची आणि कारकुनांची संध्याकाळ यात गेली. येथे एक गोष्ट प्रथमच घडली. नमुना वस्तूपासून सुटला आणि टपालाने प्रवास करू लागला.

हा नमुना आकड्यांत कसा उतरला याची हकीकत लाकडाची नाही, किंबहुना हौसेचीही नाही. ती हेलिकॉप्टरच्या पात्याची आहे. मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स नावाचा एक उद्योजक, ज्याच्यापाशी महाविद्यालयाची पदवी नव्हती, हेलिकॉप्टरची पाती तयार करून देत असे. पात्याचा आडवा छेद हा अत्यंत नाजूक वक्र असतो आणि तो तपासायला पत्र्याचे फर्मे लागतात. हे फर्मे करायची रीत अशी होती की वक्रावरचे मोजके बिंदू गणिताने काढावेत, त्यांच्यामधून लवचीक पट्टी वाकवून रेघ ओढावी, आणि मग कारागिराने कानशीने घासून ती रेघ गाठावी. पार्सन्सचा अभियंता फ्रँक स्ट्युलेन याने कचेरीत जमाखर्चाला वापरतात ती आयबीएमची छिद्रपत्रांची यंत्रे या गणिताला जुंपली, आणि मोजक्या बिंदूंच्या जागी तब्बल २०० बिंदू काढून दाखवले. पार्सन्सने पुढची पायरी ओळखली: एवढे बिंदू जवळ जवळ असतील तर मधली रेघ ओढायचीच कशाला? यंत्रावर एक माणूस आडव्या चाकाशी आणि एक उभ्या चाकाशी उभा करावा, तिसऱ्याने यादीतले आकडे मोठ्याने वाचावेत, दोघांनी चाके तेवढी फिरवावीत, आणि पात्याने तिथे एक टोला मारावा. पुन्हा पुढचा आकडा. एकाने वाचायचे आणि दोघांनी निमूट चाके फिरवायची, हे दृश्य एखाद्या मामलेदार कचेरीत जमाबंदीची ताळेपत्रके जुळवीत बसलेल्या कारकुनांपेक्षा फारसे निराळे नव्हते. या तिघांना हटवून त्यांच्या जागी छिद्रपत्र वाचणारे यंत्र ठेवायचे, एवढीच पार्सन्सची योजना होती.

छिद्रांच्या भाषेत हुकूम देण्याची युक्ती तशी जुनीच होती. लियाँच्या जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मागावरच्या ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते पुठ्ठ्याच्या छिद्रांवर सोपवले होते, आणि आमच्या सोलापुरी चादरीवरची नक्षी त्याच तत्त्वाने उठते. पण मागाला ‘उचल’ किंवा ‘नको उचलूस’ एवढेच सांगायचे असते. पोलाद कापणाऱ्या टोकाला कुठपर्यंत जायचे आणि कोणत्या वेगाने जायचे हे सांगायचे, व ते खरेच तिथे पोहोचले की नाही हेही तपासायचे, हे काम पार्सन्सच्या आवाक्याबाहेरचे ठरले. १९४९ मध्ये अमेरिकी वायुदलाने त्याला दोन लाख डॉलरांचे काम दिले. त्याने नियंत्रणाच्या भागासाठी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेला पोटमक्ता दिला. आणि मग पोटमक्तेदार मक्तेदाराहून मोठा होण्याची जी रीत आपल्याकडील रस्त्यांच्या कामांतही अपरिचित नाही, ती तिथे घडली. विद्यापीठाने योजना विस्तारली, वायुदलाशी परस्पर करार केला, आणि १९५२ च्या सप्टेंबरात, सात ओळी छिद्रांची कागदी पट्टी वाचून तीन दिशांनी आपोआप चालणारे यंत्र जगाला दाखवले. नियंत्रणाची कपाटे मूळ यंत्राहून अधिक जागा खात होती. पार्सन्स आणि स्ट्युलेन यांच्या नावाचे पेटंट १९५८ मध्ये मंजूर झाले आणि १९८५ मध्ये दोघांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले, म्हणजे न्याय मिळाला; उशिरा मिळाला.

याच काळात दुसरी एक वाट उपलब्ध होती, आणि ती का सोडली गेली हा या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. जनरल इलेक्ट्रिक आणि आणखी काही कंपन्यांनी असे यंत्र केले होते की कुशल कारागिराने एकदा एक नग स्वतःच्या हाताने करावा, त्याच्या हाताच्या साऱ्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपल्या जाव्यात, आणि पुढचे नग यंत्राने ती फीत ऐकून करावेत. यात नमुना कारागिराच्या हातात राहत होता. फितीवर जे उतरे ती त्याचीच विद्या होती. आकड्यांच्या पद्धतीत मात्र नमुना वरच्या मजल्यावरच्या कचेरीत तयार होई, आणि खाली यंत्राशी उभा असलेल्या माणसाकडे पट्टी लावण्याची आणि कळ दाबण्याची चाकरी तेवढी उरे. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की ही निवड केवळ तांत्रिक नव्हती. कारखान्याच्या मालकांना आणि लष्करी खात्याला कामाची सूत्रे कारागिराच्या हातून काढून घ्यायची होती. त्याचे म्हणणे मला पुष्कळसे पटते, सर्व पटत नाही. कारण विमानाच्या पंखाचा जो वक्र मुळात कोणाच्या हाताने घडतच नव्हता तो फितीवर टिपायचा तरी कोणाकडून? पण वायुदलाने ही महाग यंत्रे स्वतः विकत घेऊन विमान कंपन्यांच्या दारात उभी केली नसती, तर बाजाराच्या हिशेबाने ती वाट इतक्या वेगाने रुळली नसती, हे नाकारता येत नाही.

१९५९ च्या फेब्रुवारीत त्याच विद्यापीठाने या यंत्रांना इंग्रजीसारख्या शब्दांत आज्ञा देण्याची एक भाषा जाहीर केली. बातमीदारांना बोलावून त्यांच्या हाती आठवण म्हणून, त्या भाषेतल्या हुकमाने कोरलेले अॅल्युमिनियमचे एक रक्षापात्र देण्यात आले. विडीची राख झाडण्याचे भांडे! वायुदलाच्या खजिन्यातून एवढा खर्च झाल्यावर यंत्राला स्वतंत्रपणे काहीतरी करून दाखव म्हटले, तेव्हा ते होल्ट्झाप्फेलच्या गिऱ्हाइकांप्रमाणे थेट टेबलावरच्या शोभेच्या वस्तूकडे वळले. हौशीपणा यंत्राच्या रक्तातच होता असे माझे मत आहे. मला त्याचा पुरावा मागू नये.

लष्करी कारखान्यातून हे यंत्र घरी परतले त्याची वाट मी थोडक्यात सांगतो, कारण येथून पुढे नाट्य कमी आणि किमतीची घसरण जास्त आहे. अमेरिकी सरकारच्या मापन-मानक संस्थेने १९९० च्या दशकात साध्या संगणकावरून यंत्र चालवणारी एक प्रणाली लिहून लोकांना खुली केली. नॉर्थ कॅरोलिनातल्या टेड हॉल नावाच्या मज्जाशास्त्राच्या प्राध्यापकाला घरी प्लायवुडच्या होड्या बांधायचा नाद होता. फळ्या कापायला परवडेल असे यंत्र बाजारात नाही म्हणून त्याने स्वतःच ते केले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘शॉपबॉट’ या नावाने विकायला काढले. २००९ मध्ये सिमेन स्कॉग्सरूड या नॉर्वेजियन गृहस्थाने ‘जीआरबीएल’ नावाचा कार्यक्रम लिहिला, जो काही शे रुपयांना मिळणाऱ्या आर्डुइनोच्या तळहाताएवढ्या पट्टीवर, अवघ्या ३२ किलोबाइटच्या स्मृतीत मावतो आणि १९५२ मध्ये ज्याला कपाटे लागली ते काम करतो. दोन वर्षांनी एडवर्ड फोर्ड याने ‘शेपोको’ या लहान राऊटरचे आराखडे सर्वांना खुले केले, आणि मग चिनी कारखान्यांनी माझ्या यंत्राची जात जगभर पसरवली. नमुना टपालाने हिंडू लागल्याला तोवर शंभरावर वर्षे झाली होती. आता यंत्राचाही नमुना हिंडू लागला.

याच वाटेवर एक मुक्काम आमच्या पुणे जिल्ह्यात आहे, आणि तो सांगताना मला थोडा अभिमान वाटतो हे लपवत नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून आलेल्या या गृहस्थांचे मत असे होते, की शाळेत नापास झालेला मुलगा हाताने काम करता करता विज्ञान शिकतो आणि त्याने गावाच्या उपयोगी पडावे. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच विद्यापीठातले नील गेर्शेनफेल्ड यांनी संगणकावर चालणाऱ्या लहान यंत्रांची ‘फॅब लॅब’ ही कल्पना विद्यापीठाबाहेर नेली, तेव्हा जगातल्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळांपैकी एक २००२ मध्ये पाबळला उभी राहिली. ज्या संस्थेत अर्धशतकापूर्वी वायुदलाच्या हुकमाने कागदी पट्टीवरचे यंत्र जन्मले, तिथून निघालेली विद्या ज्वारी-बाजरीच्या शिवारात येऊन पोहोचली.

घरच्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाची स्थिती मोठी मौजेची असते. नोबलने ज्या फाळणीचे दुःख केले, वरच्या मजल्यावर आखणारा आणि खाली कळ दाबणारा, ती फाळणी माझ्या सज्जात अंमलात येऊ शकत नाही, कारण दोन्ही जागा रिकाम्या आहेत आणि दोन्हींवर मलाच बसावे लागते. मीच आखणी करतो, मीच आज्ञापत्र तयार करतो, मीच फळीला पकडी लावतो, मीच भुसा झाडतो. आणि चूक झाली तर ताकीद कोणाला द्यावी हा प्रश्न उरत नाही. आज्ञापत्राची भाषा रुक्ष असते. ‘जी१ एक्स४० वाय२५ एफ६००’ म्हणजे सरळ रेषेत आडवे ४० आणि उभे २५ या बिंदूपर्यंत मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगाने कापत जा. अशा ओळी हजारोंनी असतात, आणि पार्सन्सचा तो आकडे वाचणारा कारकून त्यांत स्पष्ट ऐकू येतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गावाकडच्या घराला नावाची पाटी करायचे ठरले. नाव ‘विश्रांती’. आखणीच्या कार्यक्रमात मी ते नाव टंकित केले आणि पडद्यावर जे उमटले ते पाहून थक्क झालो: ‘व’च्या आधी यायची ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन उभी, ‘श’ला पायमोडका हलन्त लटकलेला, ‘र’ त्याच्याशी फारकत घेतलेला, आणि शिरोरेषा ठिकठिकाणी तुटलेली. इंग्रजी अक्षरे ओळीत बसलेल्या प्रवाशांसारखी एकमेकांना न शिवता राहतात, आमची अक्षरे सोयऱ्यांसारखी एकमेकांच्या गळ्यात पडतात, हे त्या कार्यक्रमाच्या कर्त्याच्या गावी नव्हते. उपाय असा, की नाव आधी मराठी जाणणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमात जुळवायचे, अक्षरांची अक्षरे न ठेवता निव्वळ बाह्यरेषा करायच्या, आणि त्या रेषा यंत्राला द्यायच्या. मग ते वाचत नाही, नुसते गिरवते, आणि बिनचूक गिरवते.

अशा पाट्यांना टोकदार कोरणी वापरतात. तिचा कोन ९० अंशांचा असेल तर ८ मिलिमीटर रुंद रेघेसाठी टोक ४ मिलिमीटर खोल जाते, २ मिलिमीटर रुंदीसाठी १ मिलिमीटर. म्हणजे बोरूने काढलेल्या अक्षरातली जाडबारीक येथे खोली होऊन उतरते. ‘व’चे पोट खोल जाते, वेलांटीचे शेपूट उथळ होत होत पृष्ठभागावर येऊन विरते. शिळालेख कोरणाऱ्या पाथरवटांनीही छिन्नीने हेच केले. हे टोक वर येण्याचे दृश्य पाहत मी तासन् तास बसू शकतो आणि बसतो.

फळी जुन्या सागाची होती. भवानी पेठेच्या लाकूडबाजारात पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि दारे विकायला येतात. तिथून आणलेल्या एका तुळईचा तो चिरलेला तुकडा, शंभर वर्षे वाळलेला, तेलकट आणि तांबूस. ‘विश्रा’ एवढे कोरून झाले. मग खट्‌ असा आवाज झाला, बारीकशी ठिणगी उडाली आणि कोरणीचे टोक मोडून कुठेतरी कुंड्यांमागे गेले. मी कळ दाबायला धावलो, पण पोहोचलो नाही तोच पाहिले की यंत्राला काही झालेच नव्हते. टोक नसलेला दांडा फळीच्या वर, हवेत, ठरल्या वेगाने, ठरल्या खोलीने अनुस्वार आणि ‘ती’ कोरीत होता. दीर्घ वेलांटीचे वळणही त्याने नीट घेतले. मी ते पुरे होऊ दिले.

दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीत दरवाजे बसवायला आलेल्या सुतारमामांना मी फळी दाखवली. त्यांनी ती उजेडात तिरकी धरली, अंगठा फिरवला, आणि पटाशीच्या टोकाने दोन ढलप्या काढून आत दडलेला खिळा उघडा केला. चौकोनी, लोहाराच्या ऐरणीवर घडलेला, डोके तुटलेला. जंबुऱ्याने धरून हळूहळू हलवत त्यांनी तो सबंध बाहेर काढला. ‘‘साहेब, वाड्याचं लाकूड आहे. आधी लोहचुंबक फिरवायचा असतो,’’ ते म्हणाले. मग खिशातून सागाचा एक तुकडा काढून भोकाच्या मापाची खुंटी तासली, तंतूंची दिशा जुळवून ठोकली, आणि वरचा भाग रंध्याने एका फेऱ्यात सपाट केला.

नवे टोक बसवून मी यंत्राला अनुस्वारापासून पुढे जायला सांगितले. अनुस्वाराचा टिंब त्या खुंटीवरच आला.